दापोलीची मिशन शाळा आणि कनेक्टिकटचा बिशप

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला गेलो, म्हंजे खरं तर ही गेली, मी नुसता सोबत. हिला डिंकाचे लाडू, बाळाचं तेल, शेक-शेगडी (शेगडी कसली, हीटरच) यातून श्वास घ्यायला वेळ नव्हता आणि मला त्या घरात काही कामच नव्हतं, दोन दिवस भांडी घासली तर लेक म्हणाली बाबा तुम्ही जरा फिरून या ना. तर मी फिरत राहिलो. गावाचं नाव न्यू हेवन, राज्य कनेक्टिकट. त्या गावाच्या मधोमध एक मोठं हिरवंगार मैदान आहे, त्याला नुसतं ग्रीन म्हणतात, आणि त्या मैदानावर तीन चर्चं एका रांगेत उभी. आपल्याकडे देवळाच्या आवारात मारुती, गणपती, शंकर असतात तशी. मला वाटलं ख्रिश्चन म्हंजे सगळे एकच, मग तीन कशाला? दोन चर्चं विटांची, पांढरे खांब, पांढरा मनोरा, आणि तिसरं तपकिरी-तांबूस दगडाचं, टोकदार कमानींचं, जुन्या इंग्रजी सिनेमात दिसतं तसं. हे तिसरं ते ट्रिनिटी चर्च, १८१४ ते १८१६ मध्ये बांधलेलं, आणि ते एपिस्कोपल, म्हंजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचं, बिशप (पाद्र्यांवरचा मोठा धर्माधिकारी) मानणारं. बाकीची दोन काँग्रिगेशनल, म्हंजे बिशप न मानणाऱ्यांची.

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे एक सवय लागलीय, कुठे पाटी दिसली की वाचायची. वाचता वाचता तीन अक्षरांवर अडकलो. एस. पी. जी.

आता ही तीन अक्षरं दापोलीच्या माणसाला सांगायला नकोत. आमचे आजोबा दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. मुरूडहून चालत जायचे, सोमवारी जायचे ते शनिवारी परत, मधे कॅम्पात कुणाकडे तरी वार लावून जेवायचे. ती शाळा एस.पी.जी. मिशनची. महामहोपाध्याय पां. वा. काणे, ज्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली भारतरत्न झाले, तेही तिथलेच विद्यार्थी, आणि पालगडचे साने गुरुजीसुद्धा दापोलीतच मिशन शाळेत शिकले. हिंदू धर्मशास्त्रावरचा एवढा अधिकारी माणूस मिशनऱ्यांच्या बाकावर बसून शिकला, ही आमच्या आजोबांची आवडती गोष्ट होती, पाहुणे आले की सांगायचेच. पण एस.पी.जी. म्हंजे नक्की कोण, हे ना आजोबांनी सांगितलं ना मी कधी विचारलं. मिशन म्हंजे मिशन.

तर एस.पी.जी. म्हंजे परदेशात धर्मप्रसार करणारी इंग्लंडच्या चर्चची सोसायटी. १७०१ साली राजाच्या सनदेने स्थापन झाली. आणि गंमत बघा, ती आपल्यासाठी काढलीच नव्हती. ती काढली होती मुख्यतः अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींसाठी, तिथे पाद्री नाहीत, त्यांना पगार देऊन पाठवायचे म्हणून. दापोली फार पुढची. म्हंजे आजोबांची शाळा ज्या पैशाने चालायची त्या पैशाच्या जुन्या वहीत आधी कनेक्टिकट आहे. हे कळल्यावर मी जावयाला म्हटलं, मला आता लायब्ररीचं कार्ड काढून दे. पुढचे दोन महिने मी त्यातच होतो, ही म्हणते नातू झाल्यापेक्षा तुम्हाला बिशप सापडल्याचा आनंद जास्त झाला. तसं काही नाही. पण थोडं तसंच.

कनेक्टिकट ही प्यूरिटन लोकांची वसाहत. हे लोक इंग्लंडच्या चर्चला कंटाळून तिथून निघालेले, त्यांना बिशप नको, छापील प्रार्थना नको, नाताळसुद्धा नको. त्यांचं काँग्रिगेशनल चर्च हेच सरकारी चर्च, त्याच्यासाठी सगळ्यांनी कर भरायचा, तुम्ही त्यांचे असा नसा. अशा गावात इंग्लंडच्या चर्चचा माणूस म्हंजे अगदी उपरा. तरी स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावात १७०७ च्या सुमाराला त्यांची पहिली मंडळी जमली, आणि चर्चची इमारत उघडली ती १७२४ च्या नाताळच्या दिवशी. जे लोक नाताळ पाळत नाहीत त्यांच्या गावात बरोब्बर नाताळला. खोडसाळपणा नाहीतर काय.

पण त्याआधी १७२२ मध्ये एक भानगड झाली ती मला फार आवडली. येल कॉलेज, जे आता एवढं मोठं विद्यापीठ आहे, ते तेव्हा प्यूरिटनांचे पाद्री तयार करायचं छोटं कॉलेज. त्याचा प्रमुख टिमथी कटलर. कॉलेजच्या लायब्ररीत इंग्लंडहून पुस्तकं आली होती देणगी म्हणून, ती हा आणि याचे मित्र बसून वाचत होते, आणि वाचता वाचता यांना वाटायला लागलं की अरे आपल्याला जी दीक्षा मिळालीय ती खरी दीक्षाच नाही, कारण ती बिशपच्या हातून मिळालेली नाही. सप्टेंबरात पदवीदान समारंभ होता, त्यात कटलरने प्रार्थनेच्या शेवटी म्हटलं, आणि सर्व लोकांनी आमेन म्हणावे. झालं. हे वाक्य इंग्रजी चर्चच्या पद्धतीचं. आपल्याकडे वारकऱ्याच्या कीर्तनात बुवाने एकदम भलताच गजर सुरू केला तर मंडळी जशी एकमेकांकडे बघतील तसं झालं असणार. चौकशी झाली, कटलरची नोकरी गेली आणि तो, सॅम्युअल जॉन्सन आणि डॅनियल ब्राऊन असे तिघं बोटीत बसून इंग्लंडला गेले दीक्षा घ्यायला. दीक्षा मिळाली, पण ब्राऊनला लंडनमध्ये देवी आल्या आणि तो तिथेच गेला. कटलरलाही आल्या होत्या, तो वाचला. जॉन्सन परत येऊन स्ट्रॅटफर्डला एस.पी.जी.चा पाद्री झाला, खूप वर्षं राहिला, पुढे न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचा, म्हंजे आताच्या कोलंबियाचा, पहिला अध्यक्ष झाला. आणि त्याच जॉन्सनचा मुलगा विल्यम, बापासारखाच दीक्षा घ्यायला इंग्लंडला गेला आणि १७५६ साली तोही तिथे देवीनेच वारला.

इथे मी पुस्तक मिटून जरा बसलो. नुकताच नातू झालेला, त्याला लस टोचून आणलेली, आणि हे वाचतोय.

मुद्दा असा की अमेरिकेत बिशपच नव्हता. एकही नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षं वसाहती, आणि या चर्चचा नियम असा की पाद्र्याला दीक्षा द्यायची तर बिशपनेच डोक्यावर हात ठेवायचा, आणि त्या बिशपच्या डोक्यावर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला असला पाहिजे, असं मागे मागे थेट येशूच्या शिष्यांपर्यंत. हातावरून हात. नवा बिशप करायचा तर साधारण तीन बिशप लागतात. त्यामुळे पाद्री व्हायचं तर तीन हजार मैल समुद्र, वादळ, चाचे, देवी, आणि नंतर परत तोच समुद्र. मग बिशप पाठवला का नाही? तर इंग्लंडमध्ये बिशप म्हंजे राजाचा माणूस, पार्लमेंटात बसणारा, आणि प्यूरिटनांना भीती की हा आला की मागून कर येईल, कोर्ट येईल. आणि इंग्लंडातल्या राजकारण्यांना वाटे उगाच मधमाश्यांच्या पोळ्यात हात कशाला घाला. त्यात शंभर वर्षं गेली.

हे आपल्या लोकांना समजवायला मला शिमग्याचं उदाहरण बरं वाटतं. आमच्या वाडीजवळच्या एका गावात पालखी सहाणेवरून (पालखी टेकवायचा चौथरा) उठते ती मानकऱ्याने हात लावल्याशिवाय नाही. पालखी तीच, देव तोच, खांदे द्यायला पोरं तयार, ढोल वाजतायत, पण मानकऱ्याचा हात लागला पाहिजे. एका वर्षी त्या घराण्यात सुतक आलं. आता काय? मग म्हाताऱ्यांनी डोकं चालवून खाडीपलीकडच्या गावातली त्याच मूळ घराण्याची एक शाखा शोधली, त्यांच्याशी कधीचं बोलणंचालणं नव्हतं, जमिनीच्या वादातून यांनीच त्यांना वाळीत टाकलेलं, त्यांच्यातला एक म्हातारा तरीत (होडीत) बसवून आणला आणि त्याने हात लावला. पालखी उठली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकन क्रांती झाली तेव्हा कनेक्टिकटच्या एपिस्कोपल पाद्र्यांची फार पंचाईत झाली, कारण त्यांच्या प्रार्थनापुस्तकात राजासाठी प्रार्थना छापलेली. म्हटली तर इथले लोक मारणार, गाळली तर दीक्षेच्या वेळी घेतलेली शपथ मोडते. बहुतेकांनी चर्चला कुलूप लावलं. न्यूटाऊनचा जॉन बीच मात्र हट्टी, त्याने १७८२ मध्ये मरेपर्यंत राजासाठी प्रार्थना म्हटली.

आणि यांच्यातच एक सॅम्युअल सीबरी. जन्म १७२९, कनेक्टिकटच्या ग्रोटनचा. बापही पाद्री, तोही एस.पी.जी.चा. हा येलला शिकला, मग एडिंबराला जाऊन थोडं वैद्यक शिकला, १७५३ ला इंग्लंडात दीक्षा घेतली. हा माणूस पक्का राजनिष्ठ. १७७४-७५ मध्ये याने वेस्टचेस्टरचा शेतकरी अशा टोपणनावाने क्रांतिकारकांच्या विरोधात पत्रकं काढली, आणि त्याला छापून उत्तरं दिली कोणी, तर अलेक्झांडर हॅमिल्टनने, जो पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला, तेव्हा तो पोरगाच होता कॉलेजातला. लोकांनी सीबरीला पकडून न्यू हेवनला आणून डांबला काही आठवडे. म्हंजे मी जिथे बाबागाडी ढकलत फिरत होतो त्याच गावात. पुढे तो इंग्रज सैन्याच्या आश्रयाला गेला आणि राजाच्या एका रेजिमेंटचा पाद्री झाला. एकूण काय, हरलेल्या बाजूचा माणूस.

युद्ध संपत आलं, आणि २५ मार्च १७८३ ला कनेक्टिकटचे दहा पाद्री वुडबरी गावात एका घरात गुपचूप जमले. गुपचूप, कारण बिशप हा शब्दच अजून लोकांना राजाचा वास येणारा. त्या घराला ग्लीब हाऊस म्हणतात, म्हंजे पाद्र्याला चर्चने दिलेलं जमिनीसकट घर, आपल्याकडे देवस्थानच्या इनामावर गुरवाचं घर असतं तसं समजा. जावयाने एका रविवारी मला तिथे नेलं. आता म्युझियम आहे, छोटंसं लाकडी घर, पायऱ्या करकरतात, बुटकी दारं, पुढे फुलबाग. दहा माणसं त्या खोलीत बसली म्हंजे गुडघ्याला गुडघा लागला असणार. त्यांनी दोन नावं काढली, जेरेमाया लीमिंग आणि सीबरी. लीमिंग म्हणाला माझं वय झालं, तब्येत नाही. मग राहिला सीबरी. हरलेल्या बाजूचा, पण तयार.

सीबरी जुलैत लंडनला पोचला आणि मग सुरू झाली ती कहाणी जी कुठल्याही तहसीलदार कचेरीत सातबाऱ्यावर नाव चढवायला गेलेल्या माणसाला लगेच कळेल. इंग्लंडचे बिशप म्हणाले आमची हरकत नाही हो, पण बिशप होताना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते. हा म्हणाला, आता मी दुसऱ्या देशाचा नागरिक, मी तुमच्या राजाची शपथ कशी घेऊ? ते म्हणाले शपथ माफ करायची तर पार्लमेंटचा कायदा पाहिजे. कायदा कधी? बघू. आणि तुमच्या राज्य सरकारची संमती आहे का? तीही आणा. ज्या माणसाने राजासाठी तुरुंग भोगला त्यालाच राजाच्या शपथेसाठी अडवलं, याच्यासारखा विनोद नाही. वर्षभराच्या वर असं चाललं, खिशातले पैसे संपत आले.

मग त्याला खाडीपलीकडची शाखा आठवली. स्कॉटलंड.

स्कॉटलंडमध्येही एक एपिस्कोपल चर्च होतं, बिशपांची तीच परंपरा, तोच हातावरून हात. पण १६८८-८९ ला इंग्लंडने राजा बदलला तेव्हा यांनी नव्या राजाची शपथ घ्यायला नकार दिला, जुन्या स्टुअर्ट घराण्यालाच धरून बसले. १७४५ च्या बंडानंतर सरकारने त्यांना पार चेपून काढलं, देवळं जाळली आणि कायदा केला की यांच्या पाद्र्याने घरच्या माणसांशिवाय चारपेक्षा जास्त लोक जमवून उपासना करायची नाही. केली तर तुरुंग. अशा वाळीत टाकलेल्या लोकांकडे शपथेची भानगडच नव्हती, कारण त्यांनी स्वतःच ती कधी घेतली नव्हती. १४ नोव्हेंबर १७८४ ला ॲबर्डीन शहरात, जॉन स्किनर या बिशपच्या घराच्या वरच्या मजल्यावर (ते माडीवरच उपासना चालवायचे), रॉबर्ट किलगोर, आर्थर पेट्री आणि हा स्किनर, तिघांनी सीबरीच्या डोक्यावर हात ठेवले. झाला अमेरिकेचा पहिला एपिस्कोपल बिशप. दुसऱ्या दिवशी एक करार केला, त्यात स्कॉटिश लोकांनी मुख्य गोष्ट मागितली ती ही की आमच्या पद्धतीची कम्युनियनची प्रार्थना, ज्यात भाकरी आणि द्राक्षरसावर पवित्र आत्मा यावा म्हणून विनवणी आहे, ती तुमच्याकडे चालू व्हावी असा प्रयत्न कर. सीबरीने शब्द पाळला, १७८९ च्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकात ती गेली. पैसे नाही, जमीन नाही, एक प्रार्थना मागितली. मला हे फार मोठं वाटलं.

परत आल्यावर ३ ऑगस्ट १७८५ ला मिडलटाऊन गावात सीबरीने चार जणांना डीकनची (पूर्ण पाद्री होण्याआधीची पायरी) दीक्षा दिली. ब्राऊन आणि जॉन्सनच्या पोरासारखं समुद्र ओलांडायची गरज न पडलेले हे पहिले चार. आणि आमच्या एस.पी.जी.ने काय केलं? कनेक्टिकटच्या पाद्र्यांचे पगार बंद केले. कारण सनदेप्रमाणे पैसे फक्त ब्रिटिश राज्यातच खर्च करता येतात. कागद बरोबर आहे हो. पण ऐंशी वर्षं सांभाळलेल्या माणसाला असं एका ओळीत तोडायचं!

त्या सोसायटीचं आणखी एक वाचलं ते सांगायला नको वाटतं पण सांगतो. बार्बाडोस बेटावर १७१० साली त्यांना मृत्युपत्राने उसाचे मळे मिळाले, कॉड्रिंग्टन मळे, आणि मळ्यांबरोबर गुलामही. त्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने सोसायटी असा शब्द डागायचे. धर्मप्रसाराची सोसायटी. आजोबांच्या शाळेच्या फळ्याचा खडू कुठल्या पैशाचा हे मला माहीत नाही आणि दापोली येईपर्यंत गुलामी कायद्याने संपली होती, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही.

बाकीचे बिशप भराभर सांगतो. सीबरीला सगळ्यांनी लगेच मानलं असं नाही, न्यूयॉर्कचा प्रोव्हूस्ट तर त्याचं तोंड बघायला तयार नव्हता. इंग्लंडने शेवटी कायदा केला आणि १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा व्हाइट आणि हा प्रोव्हूस्ट लंडनला बिशप झाले. १७८९ ला पहिल्यांदा बिशपांचं सभागृह भरलं तेव्हा त्यात माणसं किती, तर दोन, सीबरी आणि व्हाइट. १७९२ ला मेरीलँडच्या क्लॅगेटला बिशप करताना चौघांनी हात ठेवले, स्कॉटिश हातही आणि इंग्रजी हातही, आणि तिथून पुढच्या सगळ्या अमेरिकन बिशपांत दोन्ही परंपरा मिसळल्या. सीबरी १७९६ ला न्यू लंडनमध्ये वारला. त्याच्या मागून अब्राहम जार्व्हिस, जो वुडबरीच्या त्या खोलीत सेक्रेटरी म्हणून बसला होता.

जार्व्हिस १८१३ ला गेला आणि पुढची जागा सहा वर्षं रिकामीच. या काळात एक बँकेचं प्रकरण झालं, ते वाचून मला आपली जिल्हा बँक आणि पतपेढ्यांचं राजकारणच आठवलं. १८१४ मध्ये फिनिक्स बँकेला परवाना मिळाला, त्या बदल्यात ती राज्याला काही रक्कम देणार होती आणि त्यातून बिशपच्या फंडाला वाटा मिळेल अशी अपेक्षा होती. राज्याने येलला पैसे दिले, बिशपच्या फंडाला नाही. आतापर्यंत सत्ताधाऱ्यांबरोबर गुमान राहणारे एपिस्कोपल श्रीमंत लोक भडकले आणि विरोधकांना जाऊन मिळाले, टॉलरेशन पार्टी नावाने आघाडी झाली, १८१७ ला सत्ता पालटली आणि १८१८ ला नवी राज्यघटना आली, १३,९१८ विरुद्ध १२,३६४ मतांनी. सरकारी चर्च संपलं. धर्मस्वातंत्र्य वगैरे तत्त्व होतंच, पण निमित्त पैशाचं. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, तो म्हणेल मग वेगळं काय असतं.

तिसरा बिशप थॉमस चर्च ब्राउनेल (चर्च हे खरंच त्याचं मधलं नाव). याने १८२३ ला हार्टफर्डमध्ये कॉलेज काढलं, आताचं ट्रिनिटी कॉलेज. चौथा जॉन विल्यम्स, याने १८५४ ला मिडलटाऊनला बर्कली डिव्हिनिटी स्कूल काढलं, पाद्री तयार करायचं. ते पुढे न्यू हेवनला आलं आणि १९७१ मध्ये कुणाशी जोडलं गेलं? येलशी. जिथे एका आमेनवरून कटलरची नोकरी गेली होती तिथे आता एपिस्कोपल पाद्री शिकतात. विसाव्या शतकातला एक बिशप अ‍ॅचेसन, त्याचा मुलगा डीन अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. सध्याचे जेफ्री मेलो हे सोळावे, २०२२ पासून.

पण या यादीत जो नाही तो मला जास्त लक्षात राहिला. न्यू हेवनमध्ये १८४४ साली काळ्या लोकांनी स्वतःचं सेंट ल्यूक चर्च काढलं. तिथला पाद्री जेम्स थिओडोर हॉली. १८६१ मध्ये हा शंभराच्या वर माणसं घेऊन बोटीने हैतीला गेला, की निदान तिथे आपलं राज्य आहे, माणसासारखं जगू. पहिल्याच वर्षात तापाने आई गेली, बायको गेली, दोन मुलं गेली. तो हलला नाही. १८७४ मध्ये तो हैतीचा बिशप झाला, अमेरिकन एपिस्कोपल चर्चने केलेला पहिला काळा बिशप. ब्राऊन आणि जॉन्सनच्या मुलाने बिशपच्या हातासाठी समुद्र ओलांडला आणि जीव गमावला, आणि याने समुद्र ओलांडला तो अमेरिकेपासून लांब जायला.

तर असं. फेब्रुवारीत आम्ही परत आलो. शिमग्याला त्याच गावात पालखी बघायला गेलो होतो, सहाणेच्या कठड्यावर बबनदादा भेटले, नव्वदीला टेकलेत, तो खाडीपलीकडचा म्हातारा आणायला जी होडी गेली होती तिच्यात हे होते. काय केलंस रे अमेरिकेत, म्हणून विचारलं, तर मी ही सगळी सीबरीची आणि स्कॉटलंडची गोष्ट त्यांना सांगितली, ढोलाच्या आवाजात, ओरडून ओरडून. त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "मंग त्या स्कॉटलंडवाल्यांना मानाचा नारल कोन देतो? आपन दर साल देतो."

मी म्हटलं दिला दादा. ॲबर्डीनमध्ये त्यांचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, ते सीबरीच्या आठवणीत वाढवलं अमेरिकेने, आणि त्याच्या छताला एका बाजूला अमेरिकेच्या तेव्हाच्या ४८ राज्यांची चिन्हं रंगवलीयत आणि दुसऱ्या बाजूला तिथल्या ४८ घराण्यांची, जुन्या राजघराण्याच्या बाजूने राहिलेल्या.

"किती वरसांनी?"

दीडशे.

"उशीर केला," म्हणाले, आणि पालखी उठली म्हणून काठी टेकत पुढे झाले.